लाल त्रिकोणावरची टिकली

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा बायको मागच्या सीटवर गोधडी पांघरून आडवी होती. डायलिसिस उरकून आम्ही पिंपरीहून घरी निघालो होतो. नाशिक फाट्याचा पूल चढताना तिच्या पाठीमागून घूं असा सूर लागला, पिठाच्या गिरणीत दाणे संपल्यावर जातं मोकळं फिरतं तसा. मी एसी बंद केला. सूर तसाच राहिला.

"तुला काय ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"मला आज माझंच अंग कळंना, गाडीचं काय कळणार," ती म्हणाली आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

मी चौथी शिकलेला माणूस. पण छत्तीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला काढली. मशीनच्या अंगाला हात लावला की कुठलं बेअरिंग बसलंय ते सांगायचो. इंजिनिअर लोक नकाशे पसरायचे आणि शेवटी मलाच बोलवायचे. यात फुशारकी काही नाही, तसं होतं म्हणून लिहितो. त्यामुळे त्या दिवशी पूल उतरेपर्यंत आवाज कशाचा ते कळेना, तेव्हा माझे तळहात ओले झाले. ज्या मशीनचा आवाज ओळखता येत नाही, त्या मशीनमध्ये आपलं माणूस झोपलेलं, ही गोष्ट मला सोसवत नव्हती.

गाडी मुलीची. ती वाकडला राहते, हिंजवडीत नोकरी करते. तिनं नवी गाडी घेतली आणि ही अकरा वर्षांची जुनी आम्हाला दिली. हायब्रिड. म्हणजे पुढं पेट्रोलचं इंजिन आणि मागच्या सीटच्या पाठीशी ट्रंकेएवढी बॅटरी. हळू चालताना बॅटरीवर चालते, जोर लागला की इंजिन आपोआप सुरू होतं. चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत ही गाडी मुंगीच्या पावलानं सरकते आणि आवाज म्हणून काढत नाही. सुरुवातीला मला त्या शांततेचीच भीती वाटायची. आमच्या कारखान्यात मशीन गप्प झालं म्हणजे एकतर ते बिघडलेलं असायचं, नाहीतर कुणाचा तरी हात आत असायचा.

गाडी देताना मुलीनं दोन गोष्टी बजावल्या होत्या.

"आबा, नारिंगी वायर दिसली की हात मागं घ्यायचा. आणि काचेखाली लाल त्रिकोणाचा दिवा लागला तर मला फोन करायचा. मी येऊन गाडी घेऊन जाईन. आईला कॅब करून देईन."

"मी छत्तीस वर्षं विजेच्या मशीनवर..."

"म्हणूनच सांगतेय."

कॅबचं आम्हाला वावडं आहे असं नाही. पण आमचं गाव चाकणच्याही पुढं आत आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार पिंपरीला जायचं. एकदा परतीला बायकोला कॅबमध्ये उलटी झाली. पोरगा वाईट नव्हता, पण त्याची गाडी नवी होती. त्यानं मोशीच्या अलीकडं आम्हाला उतरवलं. ती एका हार्डवेअरच्या दुकानापुढं पायरीवर पदर तोंडाला लावून बसली आणि येणारी-जाणारी माणसं बघत राहिली. दुसरी कॅब यायला तास गेला. तेव्हापासून कॅबचं नाव काढलं की ती म्हणायची, "मग आज ऱ्हाऊ द्या. एक दिस न्हाई गेलं तर काय मरत न्हाई मानूस." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की माणूस मरतं. एक फेरी चुकली की पाणी छातीत चढतं. ही गाडी होती म्हणून ती जात होती. गाडी गेली असती तर ती जायची थांबली असती, याची मला खात्री होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी गाडीची पूजा केली होती. आमच्या कारखान्यात त्या दिवशी मेन स्विच पाडून सगळी मशीनं धुऊन पुसून पुजायचे. नवीन पोरं हार आणून मशीनच्या नावाच्या पाटीला घालायची. मी हसायचो. पाटी काय काम करते? माझा हार मोटरला असायचा. तसंच इथंही. लोक बॉनेटला हार घालतात, मला ठाऊक होतं की या गाडीचा जीव मागं आहे. मागच्या सीटच्या कडेला एक जाळी आहे, बॅटरी तिथून हवा ओढते, हे मुलगी मागं एकदा बोलता बोलता म्हणाली होती. मी त्या जाळीवर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू कुस्करून पाकळ्यांची रास केली आणि हात जोडले. दोन दिवसांनी बघितलं तर जाळी साफ होती. बायकोनं झाडलं असेल असं मी धरून चाललो. पुढं गोधडीचं टोक कायमचं तिथं पडायला लागलं आणि ती जाळी माझ्या नजरेआड झाली.

आवाज सुरू झाल्याला चार दिवस झाले असतील. शनिवारी पिंपरीत दवाखान्याच्या दारात बायकोला सोडून गाडी लावत होतो आणि काचेखाली लाल त्रिकोण पेटला. मध्ये उद्गाराची खूण. मी गाडी बंद केली, परत चालू केली. पेटलेला. पाच मिनिटं थांबून परत चालू केली. पेटलेला. फोन खिशात होता. मुलीचा नंबर एक दाबला की लागतो. मी तो दाबला नाही.

त्या संध्याकाळी घरी न्हाणीतल्या आरशावर बायकोनं चिकटवलेल्या टिकल्यांतली एक मरून टिकली मी नखानं काढली, बाहेर जाऊन त्या दिव्यावर लावली. बरोब्बर बसली. कडेनं तेवढी लाल रेघ दिसायची, तीही उन्हात दिसत नव्हती. हे मी केलं. कुणी करायला लावलं नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. गाडी चालवताना माझे डोळे पुढं आणि कान मागं असायचे. उकाडा होता. दुपारच्या उन्हात सूर वाढायचा, सकाळी कमी व्हायचा. घरी पोचलो की मी देवाला नमस्कार करायचा सोडून सीटच्या पाठीला हात लावून बघायचो. गरम लागायची. बायको म्हणायची, "बरं हाय की. पाठ शेकतीया." तीच गोष्ट मला फॅक्टरीत सांगितली असती तर मी मशीन तिथल्या तिथं थांबवलं असतं आणि ऑपरेटरला चार शिव्या दिल्या असत्या.

एका रविवारी ती शेजारी हळदीला गेली तेव्हा मी पाने घेतले आणि मागची सीट उचकटली. खालचं गादीचं टोक वर आलं आणि नारिंगी वायर दिसली. अंगठ्याएवढी जाड. एवढंच बघितलं आणि माझा हात जागच्या जागी थांबला.

मला तो माणूस आठवला. कारखान्यात माझ्या हाताखाली होता, वयानं माझ्याएवढाच. मोठ्या वेल्डिंग मशीनचा पॅनल उघडा होता. मेन मीच पाडला होता. माझं कुलूप मी लावलं होतं, किल्ली माझ्या खिशात होती. आमच्याकडं तो नियमच होता, ज्याचा हात मशीनमध्ये त्याची किल्ली. त्या दिवशी हात त्याचा होता आणि किल्ली माझी, इथंच पहिली चूक. तो म्हणाला, थोडं थांबू या का. मी म्हणालो, "बंद हाय. घाल हात." मेन बंद होता, पण कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिली होती. ती उतरायला वेळ द्यायचा असतो. मी दिला नाही, कारण सुपरवायझर घड्याळ बघत उभा होता आणि मला माझी चपळाई दाखवायची होती. तो माणूस मागं फेकला गेला. वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र परत मिटली नाहीत. चौकशीत त्यानं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढं खूपदा वाटलं.

मी सीट परत दाबून बसवली. उघडलेलं मशीन हात न लावता बंद करायची माझी ती पहिली वेळ. बायको आली तेव्हा मी पाने पुसत होतो.

"काय झालं?"

"काय न्हाई. साफ केली."

पुढच्या मंगळवारी व्हायचं ते झालं. परतीला नाशिक फाट्याचा पूल चढायला लागलो. मागं कंटेनर, पुढं बस. मध्यावर आलो आणि पाय दाबला तरी गाडी ओढेना. इंजिन भणाणत होतं, पण चाकांना जोर नव्हता. मागचा सूर आता शिट्टीसारखा झाला होता. एसी आपोआप बंद पडला. कंटेनरवाल्यानं भोंगा दाबला तो दाबूनच धरला. मी आरशात बघितलं तर त्याच्या बंपरशिवाय काही दिसत नव्हतं, आणि त्या बंपरच्या आणि माझ्या मध्ये माझी बायको झोपलेली. मी तोंडानं काय पुटपुटत होतो ते आठवत नाही. गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं पूल चढली, उताराला लागली तशी मी ती भोसरीच्या बाजूला सर्व्हिस रोडच्या कडेला नेऊन उभी केली.

उकाड्यानं बायको उठून बसली. डायलिसिसनंतर तिचा बीपी खाली जातो, चेहरा राखेसारखा झाला होता. पाणी घ्यायला ती दोन सीटच्या मधून पुढं वाकली आणि तिची नजर काचेखाली गेली.

"ही टिकली माझी हाय," ती म्हणाली.

मी माझ्या बाजूची काच खाली केली.

"हिच्याखाली काय हाय?"

"दिवा हाय."

"कसला?"

"पोरीनं सांगितलेला."

"कवापासनं?"

"तीन आठवडं झालं."

तिनं नखानं टिकली काढली. लाल त्रिकोणाचा उजेड तिच्या बोटावर, बांगडीवर पडला. तिला ओरडायची ताकद नव्हती, असती तरी ती ओरडली नसती. टिकली बोटाच्या टोकाला चिकटलेली होती ती तशीच ठेवून ती म्हणाली, "लावा तिला फोन."

"लावतो, जरा गार होऊ दे गाडी."

"आत्ता लावा. माझ्यासमोर."

मी लावला. मुलगी त्या दिवशी घरून काम करत होती. तिनं एकच विचारलं, "आई कशी आहे?" आणि फोन ठेवला. ती येईपर्यंत मी चारी दारं उघडली, बायकोला आडवं केलं, तिचे पाय गोधडीच्या वळकटीवर उंच ठेवले आणि दवाखान्याच्या फाईलनं वारा घालत राहिलो. तिचे तळपाय गार होते. मी ते हातात धरून बसलो. रस्त्यावरून माणसं जात होती, वळून बघत होती. जिथं ती तासभर बसली होती ती मोशीची पायरी मला आठवत होती. त्या वेळी मी त्या कॅबवाल्या पोराला मनातल्या मनात फार बोललो होतो.

मुलगी आली. आधी आईला तिच्या गाडीत बसवलं, एसी लावला, नाडी बघितली. मग माझ्यापाशी आली.

"आबा, तुम्ही आईला मागं झोपवून अशी गाडी चालवलीत?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. कॅब, पायरी, आईचा हट्ट, सगळं. ते मी तोंडातच ठेवलं.

"थेरगावला डांगे चौकाच्या मागं एक गॅरेज आहे," ती म्हणाली. "तिथला मेकॅनिक फक्त अशाच गाड्या बघतो. आता गार झाल्यावर हळू न्या. आणि तुम्ही काय काय केलंत ते त्याला तुमच्या तोंडानं सांगायचं. मी सांगणार नाही."

बायको नसताना ती गाडी चालवताना मला निम्मी भीती वाटली. तेव्हा कळलं की बाकीची निम्मी कुणासाठी होती.

गॅरेजवाला चाळिशीचा, लातूरकडचा. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याखाली हत्यारं मापानं लावलेली. त्यानं आधी जाड रबरी हातमोजे घेतले आणि फुग्यासारखे फुगवून कानाशी धरले, कुठं भोक आहे का ते बघायला. मग मागं जाऊन बॅटरीचा नारिंगी प्लग ओढून काढला आणि स्वतःच्या पँटच्या खिशात घातला.

मी बघतच राहिलो. "खिशात का ठेवलास?"

"माझा हात आत असताना दुसऱ्या कुणी लावला तर काका? खिशात असला म्हणजे बिनघोर." त्यानं घड्याळ बघितलं. "आता दहा मिनटं शिवायचं नाही. चहा घ्या."

"बंद केलं म्हणजे लगेच मेलं असं नसतं," मी म्हणालो.

तो माझ्याकडं वळला. "कोण शिकिवलं हे तुम्हाला?"

मी त्याला त्या माणसाचं सांगितलं. दोन बोटांचं. माझ्या कुलपाचं आणि माझ्या किल्लीचं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. चहा निवून गेला. शेवटी तो म्हणाला, "अजून चार मिनटं राहिलीत काका," एवढंच.

दहा मिनिटं झाल्यावर त्यानं मीटर लावलं, सीट काढली, बॅटरीला हवा देणारा पंखा सोडवून माझ्यापुढं धरला. पात्यांमध्ये झेंडूच्या पाकळ्या होत्या. वाळून तपकिरी झालेल्या, गोधडीच्या धाग्यांत गुंतलेल्या, हळदीनं माखलेल्या. अक्षतांचा एक दाणा टपकन फरशीवर पडला.

"पूजा कोण केली?"

"मी."

"जाळीवर?"

"बॉनेटवर सगळेच करतात."

तो हसला, पण चेष्टेनं नाही. "आमच्यात हार घालत नाहीत. आम्ही हत्यारं पुसून ठेवतो, त्यातच आलं सगळं. तुम्ही जागा बरोबर हुडकली बगा, काका. नाकच हाय ते गाडीचं. पण नाकात फुलं कोंबल्यावर माणूस कसा जगल? बॅटरी आतल्या आत शिजायली होती. अजून आठवडाभर चालवली असती तर..." त्यानं पंखा फडक्यानं पुसायला घेतला.

पंख्याच्या मागं अरुंद नळी होती. तिच्यातही पाकळ्या अडकल्या होत्या. त्याचा मोजा घातलेला हात आत जाईना. माझा हात बारका आहे, म्हातारपणानं आणखी झालाय. तो म्हणाला, "काका, तुमचा जाईल. घाला हात. बंद हाय."

तेच शब्द. माझा हात छातीपाशी आला होता, तो तिथंच राहिला.

"मीटर परत लाव," मी म्हणालो. "मला दिसू दे."

त्यानं लावलं. काट्याचं मीटर नव्हतं, आकड्याचं होतं. शून्य. मी म्हणालो, "प्लग दाखव." त्यानं खिशातून काढून दाखवला. मी हात पुढं केला. त्यानं प्लग माझ्या हातावर ठेवला, मी तो माझ्या सदऱ्याच्या खिशात घातला आणि मग हात आत घातला. आत ऊब होती अजून. एकेक पाकळी मी बोटांनी बाहेर काढली, बराच वेळ लागला. त्यानं मला घाई केली नाही.

संध्याकाळपर्यंत त्यानं बॅटरीच्या तांब्याच्या पट्ट्यांवरचा हिरवा गंज घासून काढला, एकेक कप्पा मोजला. दोन कप्पे उतरलेले निघाले. "वर्षभर जाईल किंवा दोन महिने," तो म्हणाला. "मी खोटं सांगून तुमच्या बायकोला बसवणार नाही. पण दिवा लागायच्या आत बॅटरी मरणार नाही. दिवा झाकू नका फक्त."

घरी मुलगी बसलेली होती. गाडीची किल्ली मागितली. मी दिली. ती म्हणाली, "उद्याच मी ही विकायला टाकते. आईचं मी बघते काहीतरी." मी हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा वाद न घालता हो म्हणालो असेन, त्यामुळे मुलगीच जरा थबकली.

बायको कॉटवरून म्हणाली, "किल्ली हिकडं दे."

"आई, तू..."

"दे म्हन्ते ना. त्यात बसती कोन? मी बसते. मग इकायची का ठिवायची ते ह्यांनी न्हाई ठरवायचं आन् तू बी न्हाई." किल्ली तिनं पिशवीत टाकली. "मी फुडं बसनार. दिवा मी बघनार. ज्या दिशी लागंल त्या दिशी मीच तुला फोन लावीन. यांच्यावर इस्वास न्हाई आता."

शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडं न बघता म्हटलं. ते बरोबर होतं.

त्याला आता पाच महिने झाले. ती पुढं बसते, गोधडी मांडीवर. मागं काही ठेवत नाही. जाळी मी दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसतो, हळद नाही, फूल नाही. नाशिक फाट्याचा पूल आला की अजून माझे कान आपोआप मागं जातात. ती भीती जाणार नाही. मलाही ती घालवायची नाही.

ही गाडी किल्ली भोकात घालून चालू होत नाही. किल्ली आत कुठंही असली की बटण दाबायचं. किल्ली तिच्या पिशवीत असते, म्हणजे ती आत बसल्याशिवाय गाडी मला ओळखतच नाही. मी दार उघडून तिला बसवतो, पट्टा लावतो, माझ्या जागेवर येतो आणि बटण दाबतो. काचेखालचे सगळे दिवे एकदम लागतात आणि एकेक विझत जातात. ती पुढं वाकून बघत असते. त्रिकोण सगळ्यात शेवटी विझतो.

"न्हाई," ती म्हणते. "चला."

तोवर मी गाडी हलवत नाही.